जयवंताबाईंची भूल

आमच्या कर्जतच्या इस्पितळात हल्ली आठवड्यातून दोनदा कल्याणहून भूलतज्ज्ञ येतात. त्यांच्याबरोबर यंत्र असतं, नळ्या असतात, घड्याळासारखे काटे असतात. रुग्णाच्या उशाशी त्यांची खुर्ची आणि तिच्याशेजारी एक लाकडी स्टूल ठेवलेलं असतं. ते स्टूल जयवंता सोनावळे सिस्टरांचं. आता त्यांनी तिथे बसण्याचं काही कारण उरलेलं नाही. तरी तज्ज्ञ स्वतःच म्हणतात, "बाई, तुम्ही बसा. तुम्ही असलात की पेशंट कमी घाबरतो."

मी या इस्पितळात १९६१ साली कारकून म्हणून लागलो आणि येत्या मार्चअखेर निवृत्त होईन. ऑपरेशनचं रजिस्टर पहिल्यापासून माझ्याकडे आहे. त्यात 'शस्त्रक्रिया करणार' या रकान्यात डॉक्टर टिपणिसांचं नाव आहे आणि 'भूल देणार' या रकान्यात वीस वर्षं जवळपास एकच सही आहे: ज. सोनावळे. अक्षर सुवाच्य, रेघेवर बसलेलं. डॉक्टरांची सही मात्र मला कधीच वाचता आली नाही.

जयवंताबाई मूळच्या खालापूरकडच्या. वडील गवताच्या वखारीत पेंढ्या बांधायचे. छप्पन्न साली घरातल्या सगळ्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. वडिलांनी देव्हाऱ्यातले टाक गाठोड्यात बांधून पाताळगंगेत सोडले आणि घरी येऊन मुलीला म्हणाले, "आता नवस बोलायचा नाय. आता शिकायचं." सातवी झाल्यावर त्या आमच्याकडे आया म्हणून लागल्या, मग डॉक्टरांनीच त्यांना अलिबागला परिचारिकेच्या शिक्षणाला पाठवलं. मी लागलो त्याच वर्षी त्या परत आल्या.

भूल देण्याची विद्या त्यांना सखाराम कंपाउंडरने दिली. त्या काळी आमच्याकडे यंत्र कसलं? तारेची एक जाळी असायची, साधारण मुठीएवढी, वाटीसारखी वाकवलेली. तिच्यावर गॉजचे पदर चढवायचे, ती रुग्णाच्या नाकातोंडावर ठेवायची आणि वरून ईथर थेंब थेंब सोडायचं. बाटलीच्या बुचाला दोन बाजूंनी खाचा पाडायच्या आणि एका खाचेत गॉजची वात बसवायची म्हणजे थेंब सारखे पडतात. सखाराम म्हणायचा, "घाई केलीस तर पेशंट गुदमरतो आणि उशीर केलास तर डॉक्टर." जयवंताबाईंनी महिनाभर चहाच्या गाळण्यावर पाण्याचे थेंब सोडून सराव केला. आम्ही चहा प्यायला बसलो की गाळणं कुठे आहे याचा शोध सुरू व्हायचा आणि ते ऑपरेशनच्या खोलीत सापडायचं.

थेंब सोडणं हा त्या कामाचा सोपा भाग. एका हाताने रुग्णाची हनुवटी वर उचलून धरायची, नाहीतर जीभ मागे पडते. त्याच हाताचं एक बोट कानापुढच्या नाडीवर. नजर छातीवर, मधूनच डोळ्याच्या बाहुलीवर. आणि तोंडाने बोलत राहायचं, कारण रुग्णाला सगळ्यात शेवटी सोडून जातं ते ऐकू येणं. डॉक्टर काय करतात ते सगळ्यांना दिसतं. उशाशी बसलेली बाई काय करते ते कोणालाच दिसत नाही, कारण जो बघणार तो झोपलेला.

सुरुवातीला काही घरांतले लोक त्यांच्या हातचं पाणी घेत नसत. तांब्या स्वतःचा आणत, भरायला घरचंच माणूस. जयवंताबाई एकदा मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, हे लोक जागे असतात तोवर जात विचारतात. मग माझ्याच हातात मान देऊन निजतात." आणि मोकळेपणी हसल्या. त्यांचं हसणं पडवीपर्यंत ऐकू जायचं.

मला सांगायचं आहे ते १९६७ सालच्या ऑक्टोबर महिन्यातल्या एका मंगळवारचं.

भातकापणी सुरू झाली होती. सकाळी नऊच्या सुमारास भिवपुरीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका ठाकूरवाडीतून चार माणसं घोंगडीच्या झोळीतून एका माणसाला घेऊन आली. त्याचं नाव जैतू, वय पस्तिशीच्या आसपास. बरोबर बायको मंगळी. जैतूला बरीच वर्षं अंतर्गळ होती. जांघेत फुगा यायचा, तो आडवा पडून हाताने आत ढकलायचा आणि कामाला लागायचा. आदल्या दिवशी संध्याकाळी भाताचा भारा उचलताना फुगा आला तो परत गेलाच नाही. रात्रभर ओकाऱ्या झाल्या होत्या.

डॉक्टरांनी तपासलं आणि आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "आतडं अडकलंय. बाराच्या आत सोडवलं नाही तर सडायला लागेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

कमरेत सुई देऊन अर्धं अंग बधिर करता येत असे, पण जैतूची नाडी इतकी बारीक लागत होती की डॉक्टरांना तो धोका घ्यायचा नव्हता. म्हणजे ईथर. जयवंताबाई जाळीला गॉज चढवायला गेल्या आणि मी संमतीचा कागद घेऊन जैतूजवळ गेलो.

इथे चूक माझी झाली. कागद पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, असा माझा नियम. मी खणखणीत आवाजात वाचलं, "मला भूल देण्यास व माझ्यावर शस्त्रक्रिया करण्यास माझी राजीखुशीने संमती आहे."

जैतू कण्हत होता तो एकदम गप्प झाला. मग कोपरांवर जोर देऊन उठायला लागला.

"काय द्येनार म्हनलास?"

"भूल. म्हणजे तुला काही कळणार नाही."

"मला नको भूल. मंगळे, झोळी बांधाय लाव. घरी जायाचं."

डॉक्टर धावत आले. पोट कापायचं आहे याची त्याला भीती नव्हती. "कापा की. सुरी आन आनि काप. मी वरडनार नाय," तो डॉक्टरांना सांगत होता. "पन भूल नको." डॉक्टरांनी दोनदा समजावलं. दोन्ही वेळा त्यांनी तोच शब्द वापरला आणि दोन्ही वेळा जैतूने मान फिरवली. झोळीवाले चौघेही आपसांत कुजबुजायला लागले. त्यांतल्या पोशा नावाच्या म्हाताऱ्याने तर बांबू उचलून खांद्यावर घेतलाच. भिंतीवरच्या घड्याळात दहाला पाच कमी होते.

तेवढ्यात आतून जयवंताबाई आल्या. त्यांनी डॉक्टरांना हाताने थांबवलं आणि जैतूच्या खाटेजवळ उकिडव्या बसल्या.

"जैतूदादा, कोनाला भूल पडली व्हती तुमच्यात?"

जैतूने त्यांच्याकडे पाहिलं. इतका वेळ कोणी त्याला प्रश्न विचारला नव्हता, नुसतं सांगितलं होतं.

"माज्या बाला," तो म्हणाला. "माथेरानच्या अंगाला रानात भुलीवर पाय पडला त्याचा. वेल असती तिची. तीन दिस फिरला. घर समोर दिसायचं, पन वाट घावंना. सापडला तवा आयेला वळखंना. म्हनं, ही बाय कोन?"

"मग?"

"मग काय? सा म्हैने तसाच. पार बोकडाशी बोलायचा."

डॉक्टरांना हसू आवरेना म्हणून ते खिडकीकडे वळले. मला मात्र एकदम उलगडा झाला. आम्ही रोज हजारदा वापरतो तो शब्द या माणसाच्या रानात दुसऱ्याच गोष्टीचं नाव होतं. आणि ती गोष्ट त्याच्या बापाला घेऊन गेली होती.

जयवंताबाई हसल्या नाहीत. "भूल पडलेल्याला माघारी कसं आनतात?"

"हाक मारतात."

"बास? हाक मारली की येतो?"

"टायमावर मारली तर येतो. माज्या बाला उशीर झाला."

"मग मी मारीन की हाक! माझा आवाज ऐकलास का? खोपोलीला मारली तर इथं ऐकू येती. डॉक्टरांचं काम झालं की लगेच तुला हाक मारून माघारी आनते. रानात नाय सोडायची तुला. दिला शबूद."

जैतूने बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग पोटात कळ आली तसा तो वाकडा झाला आणि कण्हतच म्हणाला, "बरं. पन इसरू नको, बाय."

मी शाईचा पॅड पुढे केला. पोशाने बांबू भिंतीला टेकवला.

आत जाताना डॉक्टर हळूच म्हणाले, "सिस्टर, तुम्ही देव सोडलेत आणि रानातल्या भुलीला मानता?"

"मी नाही मानत, डॉक्टर. पण टेबलावर मी निजणार नाहीये, तो निजणार आहे."

जयवंताबाईंनी नाकातून नळी घालून जैतूचं पोट आधी रिकामं केलं, कारण झोपेत उलटी श्वासात गेली तर माणूस जातो. मग चेहऱ्याला व्हॅसलीन, डोळ्यांवर ओल्या गॉजची घडी आणि जाळी. पहिला थेंब सव्वादहाला पडला. तो आकडा रजिस्टरमध्ये आहे. आतडं काळपट झालेलं होतं. डॉक्टरांनी गरम सलाइनमध्ये भिजवलेले कपडे त्यावर ठेवले आणि सगळे वाट बघत राहिले. दहा मिनिटांनी ते हळूहळू गुलाबी व्हायला लागलं. "वाचला," डॉक्टर म्हणाले. साडेअकराला शेवटचा टाका पडला आणि जैतूला बाहेर खाटेवर आणलं.

मग जयवंताबाईंनी आपला शब्द पाळायला सुरुवात केली.

"जैतूदादा! ए जैतूदादा! उठ, झालं काम!"

ईथरची झोप लगेच उतरत नाही, अर्धा-पाऊण तास लागतो. साडेबारा वाजले. त्या दर पाच मिनिटांनी हाका मारत होत्या. आवाज खरोखरच खोपोलीला जावा असा. एक वाजला. जैतू डोळे मिटून पडलेला. डॉक्टरांनी बाहुल्या बघितल्या, ठीक होत्या. नाडी सुधारली होती. श्वास चालू होता, पण अगदी उथळ. ईथरनंतर रुग्णाने खोल श्वास घ्यावा, खोकावं, नाहीतर छातीत कफ धरतो. हा काही सांगितलेलं करतच नव्हता. दीड वाजला तेव्हा डॉक्टरांचा चेहरा बदलला.

"सिस्टर, ईथर जास्त झालं का?"

"नाही, डॉक्टर."

"मग मेंदूला काहीतरी झालंय. तीनपर्यंत बघू. मग जीप मागवून मुंबईला न्यायचं."

मुंबईकडे जाणारा, चौक गावावरून जाणारा रस्ता त्या दिवसांत कसा होता हे ज्याने पाहिलं आहे त्यालाच कळेल. ताजे टाके घेऊन जीपमधून त्या रस्त्याने गेलेला माणूस पनवेलपर्यंत तरी धड पोहोचला असता का, सांगता येत नाही. मंगळीला तेवढं कळलं. ती भिंतीला टेकून बसली होती, ती आणखी आकसली.

जयवंताबाईंचा चेहरा पहिल्यांदाच मी पडलेला पाहिला. त्या स्टूल ओढून जैतूजवळ बसल्या आणि नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू, त्याच्या कानाशी म्हणाल्या, "तहान लागली असंल न्हाय? पानी देऊ?"

जैतूच्या गळ्याची घाटी खाली-वर झाली.

त्या ताडकन उठल्या. "डॉक्टर, हा जागा आहे!"

"काय?"

"जागा आहे. ऐकतोय सगळं. ओ देत नाहीये." आणि मंगळीकडे वळल्या. "मंगळे, इकडं ये. तुमच्यात हाक कोन मारतं?"

मंगळी उठून आली. "घरचं मानूस," ती म्हणाली.

"आनि दुसऱ्यानं मारली तर?"

"दुसऱ्याला ओ द्येत नायत. भूलच दुसऱ्याच्या आवाजात हाक मारती ना. ओ दिली की न्हेती."

जयवंताबाईंनी कपाळावर हात मारला. "बघा भाऊसाहेब, मी निम्मीच गोष्ट विचारली! दोन तास त्याच्या कानाशी भूल होऊन ओरडतेय!" मग मंगळीचा दंड धरून तिला खाटेजवळ आणलं. "तू हाक मार. नावानं मारायची का?"

मंगळीने मान हलवली आणि लगेच पदर तोंडाला लावला. आता अडचण सगळ्यांच्या ध्यानात आली. हाक नावाने मारायची होती आणि नवऱ्याचं नाव बायको तोंडाने घेत नाही.

"माजी सासू घेल नाव. तिला आना," मंगळी म्हणाली.

"ती कुठंय?"

"वाडीवर. तिला डोळ्यांनी दिसत नाय."

म्हणजे जाऊन येऊन संध्याकाळ. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते.

"बरं, नाव नको. रोज कशी बोलावतेस तशी बोलाव," जयवंताबाई म्हणाल्या.

मंगळी वाकली. "आवडीच्या बा, उठ रं."

जैतूच्या पापण्या थरथरल्या. ओ नाही.

"आवडीच्या बा!"

काही नाही. नियम म्हणजे नियम. मनातल्या मनात मला त्याचं कौतुकच वाटलं.

पुरुषांच्या आणि बायकांच्या खाटांमध्ये आमच्याकडे एक पडदा होता. त्याच्यापलीकडे पाय मोडून पडलेली येसूबाई नावाची दहिवलीची म्हातारी हे सगळं ऐकत होती. ती ओरडली, "अगं, लाजतीस काय! उखान्यात घे की! भाजीत भाजी मेथीची, म्हन!"

"आमच्यात नसतं उखानं," मंगळी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मग तसंच घे! मानूस जायाला लागलाय आन ही नाव जपती! मी तर माज्या म्हाताऱ्याला नाव घेऊन शिव्या द्येते!"

"म्हणूनच तो तुला बघायला येत नाही!" सखाराम कंपाउंडर दारातून म्हणाला. पडद्यापलीकडून एक शेलकी शिवी आली, ती इथे लिहीत नाही.

मंगळी जयवंताबाईंच्या कानाशी लागली. जयवंताबाईंनी ऐकून घेतलं आणि आमच्याकडे वळून हुकूम सोडला, "सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करा. डॉक्टर, तुम्हीपण."

डॉक्टर टिपणीस, मुंबईत शिकलेले, तालुक्यात ज्यांच्या शब्दाला मान असे ते, निमूटपणे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्याशेजारी सखाराम, मग मी, मग पोशा आणि झोळीवाले तिघे. मला समोर फक्त चुना दिसत होता आणि चुन्यावरून चाललेली एक मुंगी.

"जैतू," मंगळी इतक्या हळू म्हणाली की मुंगीलाही ऐकू गेलं नसेल.

"मोठ्यानं," जयवंताबाई.

"जैतू!"

"तीनदा मारायची असते. अजून एक," पोशा भिंतीशीच म्हणाला.

मंगळीने श्वास घेतलेला मला पाठीमागे ऐकू आला. सकाळपासूनची भीती, लाज, राग, सगळं त्या तिसऱ्या हाकेत गेलं असावं.

"ए जैतू! भात शेतात पडलाय, चिमन्या खात्यात आनि तू इथं निजलास! ऊठ की मेल्या!"

"ओ!" खाटेवरून घोगरा आवाज आला. "आलो, आलो. वरडू नको. पोटात दुखतंय."

आम्ही सगळे वळलो. जैतूने डोळे उघडले होते आणि तो मंगळीकडे टक लावून बघत होता.

"वळखतोस का?" तिने भीत भीत विचारलं.

"वळखू ना तर काय? तुज्यासारखं कोन वरडतं?"

मंगळी मटकन खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. पडद्यापलीकडे येसूबाई खाटेची पट्टी बडवत होती. डॉक्टरांनी जैतूला खोकायला सांगितलं, तो खोकला. खोल श्वास घ्यायला सांगितलं, घेतला. जीपचा विषय कोणी काढला नाही. जयवंताबाईंनी कापसाचा बोळा ओला करून त्याच्या ओठांवर फिरवला.

"माझी हाक ऐकत व्हतास का रं?"

"पयल्यापासून."

"मग?"

"तू चांगलीच असशील, बाय. पन भूल बी गोडच बोलती."

त्यानंतर ठाकूरवाडीतलं किंवा कातकरवाडीतलं कोणी आलं की जयवंताबाई आधी एकच विचारायच्या, "तुला हाक कोन मारनार?" जो कोणी असेल त्याला शस्त्रक्रिया संपली की उशाशी उभं करायच्या. डॉक्टरांनी बोलण्यात 'भूल' सोडून 'औषधाची झोप' म्हणायला सुरुवात केली. संमतीच्या कागदावरचा छापील शब्द मला बदलता आला नाही, पण मी वाचताना तिथे हळूच 'झोप' म्हणायला लागलो. माझ्या आयुष्यात कागदावर एक असताना तोंडाने दुसरं वाचलं ते तेवढंच.

जैतू अकराव्या दिवशी घरी निघाला. भारा उचलायचा नाही, तीन महिने डोंगर चढताना घाई करायची नाही, असं सगळं जयवंताबाईंनी दोनदा सांगितलं आणि त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मंगळीने गाठोडं डोक्यावर घेतलं. पायरी उतरताना जैतू म्हणाला, "मंगळे, बरं वाटलं गं त्या दिशी. आता घरी बी नावानंच हाक मारत जा."

मंगळीने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"पुन्ना भूल पडंल तवा," ती म्हणाली आणि झपाझप फाटकाकडे चालायला लागली. जैतूला हसू फुटलं, टाक्यांना ताण बसला म्हणून त्याने दोन्ही हातांनी पोट धरलं आणि तसाच, हसत आणि कळवळत, तिच्यामागे गेला. "हसू नको रं, टाके तुटतील!" असं जयवंताबाई पडवीतून ओरडत होत्या. त्या स्वतःच इतक्या हसत होत्या की त्याला ते ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.